कान तुटलेला पेला

न्यान्झोबेकडे पेले सहाच.
रंगाचे टवके उडालेले, एकाचा तर कानच तुटलेला.

मी पहिल्यांदा गेले ती देवासाठी नव्हे,
मीठ उसनं मागायला.
ती म्हणाली, बस. आधी हे टोपलं धर.
सरोवरातून नुकतीच आलेली बोटभर मासळी
वाळूवरच्या जुन्या जाळ्यावर आम्ही पसरत गेलो,
आणि ती बोलत गेली:
दुखणारी दाढ, आटलेली शेळी, नवऱ्याचा खोकला,
आणि मध्येच, त्याच आवाजात,
रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी
किनाऱ्याला आलेली माणसं.
मला वाटलं, तिच्या माहेरची असतील.
मग? मी विचारलं.
मग बुधवारी ये.

बुधवारी एक कंदील, एक चटई,
एक पुस्तक; त्याची पहिली पानं उंदरांनी नेलेली.
आमचं जग सुरू व्हायचं ते काइनापासून,
भावाच्या रक्तापासून.
बुगुम्बा अक्षराखाली बोट सरकवत वाचायचा,
बोटाला जाळ्याच्या दोऱ्याचे काप.
न्यान्झोबेला वाचता येत नव्हतं.
ती फक्त विचारायची,
यातलं उद्या काय करशील?

बुगुम्बा म्हणाला, शेजाऱ्याचा चोरलेला तरंगा परत देईन.
मी म्हणाले, सासूचं पाणी
न पुटपुटता भरीन.
पुढच्या बुधवारी, प्रार्थनेच्याही आधी:
केलंस?
नाही, मी म्हणाले.
मीही नाही, ती म्हणाली,
आणि चहा ओतला.

मग रेस्टिटूटा आली, मूल पाठीला बांधून.
दोघींनी एका पेल्यातून चहा घेतला.
मग दोघे भाऊ आले, मग आठ झालो, मग नऊ.
आम्ही म्हटलं, वर्गणी काढू,
नान्सिओच्या बाजारातून डझनभर पेले आणू.
तिने ऐकलंसुद्धा नाही.
दोन पेले फडक्यात बांधले
आणि माझ्या मांडीवर ठेवले.
तुझं घर टेकडीपलीकडे. तिकडे कुणी बसत नाही.

मला राग आला. सासरी निघताना आला होता तसाच.
म्हटलं, मला मोठ्याने प्रार्थना येत नाही,
काइनाच्या आधी काय झालं तेही ठाऊक नाही.
मलाही नाही, ती म्हणाली.
हे खोटं होतं. तिला सगळं तोंडपाठ होतं.

तीन बुधवार
एक पेला भरला, एक रिकामा ठेवला.
भिंतीला वाचून दाखवलं,
म्हणजे आठवेल तेवढं सांगितलं.
भिंत काही म्हणाली नाही. कोंबडी उठून गेली.

चौथ्या बुधवारी सोस्पीटर दारात,
होडीच्या इंजिनाचं तेल कोपरापर्यंत,
तोंडाला दारूचा वास.
काडेपेटी आहे का?
आणि माझंच तोंड म्हणालं,
बस. आधी हे टोपलं धर.

सगळंच जमलं असं नाही.
रेस्टिटूटा मुलाला घेऊन मुख्य भूमीवर गेली, निरोप नाही.
बुगुम्बाने तरंगा परत दिला
आणि पावसाळ्याआधी दुसरा चोरला,
आणि बुधवारी येऊन तेही सांगितलं.
सोस्पीटर प्यायचा. मग कमी प्यायचा. मग पुन्हा प्यायचा.
एकदा आठवडाभर आला नाही म्हणून
मी होडीखाली जाऊन त्याच्याजवळ बसले.
तो गेला पलीकडच्या बेटावर, कामासाठी,
तेव्हा कान तुटलेला पेला मी त्याच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला.

न्यान्झोबेला पुरलं त्याला आता सहा वर्षं झाली.

परवा त्या बेटावर गेले, भाचीच्या बाळंतपणाला.
अमावस्या होती. सरोवरभर होड्यांचे दिवे,
कोण कुणाचा ते किनाऱ्यावरून कळत नव्हतं.
शेजारच्या अंगणात चटई, अकरा माणसं.
एका अनोळखी बाईने मला जागा करून दिली
आणि चहा दिला,
कान नसलेल्या पेल्यात.
जपून हं, गरम आहे, फडक्याने धर.

हा कुठून आला? मी विचारलं.
आमच्या जेनेरोझाने दिला.
तिला?
कुणीतरी इंजिनवाला होता म्हणे.
त्याच्या आधीचं ठाऊक नाही.

मी काही बोलले नाही.
बोटं भाजत होती. तिने माझ्याकडे वळून विचारलं,
आणि तुम्ही? उद्या काय कराल?